खांदेरी १६७९: पटावरच्या आरमाराच्या नोंदी (मालवण, जून ते नोव्हेंबर)

९ जून. आर्द्रता बाहेर ८८ टक्के, खोलीत ८१

समुद्रयुद्धाचा विकतचा पटखेळ घेतला, तर डब्यातली सगळी जहाजं युरोपीय निघतात. उंच बांध्याची, चौकोनी शिडांची, दोन्ही कुशींना तोफा असलेली. त्यांच्यावर भगवा लावला म्हणून ते मराठी आरमार होत नाही. गलबत (वल्ही आणि शीड दोन्हींवर चालणारी हलकी लढाऊ नौका) वेगळं चालतं, वेगळं लढतं, आणि हा फरक सोंगटी हातात घेताच कळला पाहिजे. म्हणून नियम, पट, पत्ते आणि सोंगट्या हे चारही एकत्र बदलायचे आहेत.

प्रसंग मुंबईच्या दक्षिणेला असलेल्या खांदेरी बेटाचा. १६७९ च्या ऑगस्टमध्ये मराठ्यांनी बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली. बेटावर मायनाक भंडारी, आरमारावर दौलतखान. मुंबईकर इंग्रजांनी नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठी आरमार किनाऱ्याकडून चालून आलं, नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, तोफा डागत. अर्ध्या तासाच्या आत इंग्रजांच्या ‘डव्ह’ गुराबेने (गलबताहून मोठं देशी लढाऊ जहाज) शरण जात निशाण उतरवलं आणि ‘रिव्हेंज’ फ्रिगेट जवळजवळ एकटी उरली. पण ती झुंजली, आणि शेवटी मराठी होड्या नागोठण्याच्या खाडीकडे वळल्या. दोन्ही बाजूंना जिंकायची संधी असलेला प्रसंग पटासाठी उत्तम.

सोंगट्या: मराठ्यांकडे १२ गलबतं आणि रसदीची २ शिबाडं. इंग्रजांकडे २ गुराबा, ३ मचवे आणि डब्यातली एक फ्रिगेट, तीच ‘रिव्हेंज’. म्हणजे १९ नग नव्याने घडवायचे.

फ्रिगेट ७० मिमी आहे. तिच्या तुलनेत गुराब ४८, शिबाड ४०, गलबत ३२, मचवा २८ मिमी. पटावरचं षटकोनी घर समोरासमोरच्या बाजूंमध्ये ४० मिमी. गलबत घरात पूर्ण मावतं, फ्रिगेट दोन्हीकडून बाहेर येते. तसंच हवं आहे: उथळ पाण्यात मोठ्या जहाजाची होणारी अडचण नियम वाचण्याआधी डोळ्यांना दिसते.

१४ जून. बाहेर ९३, खोलीत ८४

पावसाळ्यात हे काम काढलं तर पहिली वस्तू हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक. दुसरी वाळवण्याची पेटी. १२ मिमी प्लायची, आतून २ फूट बाय दीड फूट, खाली ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, त्यावर छिद्रांचा पत्रा, वर जाळीचा मजला. झाकणाला दोन सेंटिमीटरची फट ठेवायची, नाहीतर ओल आतच फिरते. दोन तासांत पेटी ५० टक्क्यांवर येते, तापमान ३८ अंश. एलईडी बल्ब चालत नाही, त्यात पुरेशी उष्णता नसते. मासळीची थर्मोकोलची पेटी मालवणात सहज मिळते, पण बल्बाशेजारी ती वितळते आणि पेटही घेऊ शकते. वापरू नये.

इथून पुढे प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर आर्द्रतेचा आकडा. कोणतं काम आज करायचं हे तो ठरवतो.

२२ जून. खोलीत ८२, पेटीत ५१

मूळ नमुने लाकडात कोरले. पांगारा हलका आणि पटकन कापला जातो, पण बारीक धार धरत नाही. ३२ मिमीच्या होडीचा कठडा मऊ होऊन जातो. शिवण वापरा. रेषा सरळ असते, ३ मिमीच्या पटाशीखाली कुरकुरत नाही आणि सुकल्यावर फारशी वाकत नाही.

सर्व होड्या पाण्याच्या रेषेवर कापलेल्या, म्हणजे तळ सपाट. त्यामुळे साचा एकाच भागाचा, वरून उघडा पुरतो. दोन भागांच्या साच्याची शिवण, सरकलेले अर्धे, कानशीने घासणं, हे सगळं वाचतं.

आकार ओळखीचा व्हायला तीन गोष्टी पुरतात. गुराबेची पुढे काढलेली लांब, खाली झुकलेली नाळ आणि मध्ये रुंद बांधा. दोन काठ्यांची गुराब साधारण १५० टनांपर्यंतची, तिच्या मुख्य तोफा नाळेकडे रोखलेल्या. गलबताची नाळ तशीच, पण बांधा अरुंद, आणि मागची डोलकाठी नावापुरती बारीक. मोठं गलबतही ७० टनांच्या पलीकडे क्वचितच जायचं. शिबाड मात्र पोटाळ, मालवाहू. त्याची पिछाडी जाड ठेवली की लांबूनही चूक होत नाही. मचव्याला वेगळा नमुना नको, गलबताच्या ओतीव सांगाड्याची नाळ ४ मिमी कापली आणि वल्ही लावली नाहीत की मचवा.

नमुन्यांवर चपड्याचे तीन हात, मध्ये ४०० नंबरचा पॉलिश कागद. चपडा पेटीतच सुकवायचा. खोलीत लावलेल्या हातावर तासाभरात दुधाळ झाक आली: स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. अशी झाक आली तर पाण्याचा अंश नसलेल्या स्पिरिटचा एक पातळ हात मारून नमुना पुन्हा पेटीत ठेवला की जाते.

३० जून. खोलीत ८३

सिलिकॉन साचा. चार गलबतांचा एक साचा, चौकट ९० × ६० × २० मिमी, सिलिकॉन सुमारे १२५ ग्रॅम. टिन-क्युअर (कथिलयुक्त कॅटॅलिस्टने घट्ट होणारा) प्रकार घेतला. प्लॅटिनम-क्युअर जास्त टिकतो, पण गंधक असलेली माती किंवा नीट न पिकलेला रेझिन प्रिंट त्याला लागला तर स्पर्शाच्या जागी तो कायम चिकट राहतो. कुणी हे नमुने थ्रीडी प्रिंट करणार असेल तर हीच पहिली ठेच लागेल.

टिन-क्युअर सिलिकॉन ओलाव्याच्या मदतीनेच पिकतो, म्हणून पावसाळ्यात घाई करतो. ३ टक्के कॅटॅलिस्टने मिश्रण २५ मिनिटांत ओढायला लागलं, बुडबुडे वर यायला वेळ मिळाला नाही. दुसऱ्या साच्याला २ टक्के. आधी ब्रशने पातळ थर, विशेषतः नाळेखाली, मग एका कोपऱ्यातून बारीक धार. १२ तासांनी नमुने निघाले. नाळेखालची कपार साच्यात अडकते खरी, पण मऊ सिलिकॉन वाकवून नमुना पिछाडीकडून आधी उचलला की तुटत नाही.

३ जुलै. खोलीत ८५

पॉलियुरेथेनचं ओतकाम पूर्ण वाया. आठपैकी आठ नग पावासारखे फुगले. या रेझिनचा हार्डनर पाण्याशी प्रक्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतो. इथे पाणी हवेतूनच येतं, आणि एकदा उघडलेली बाटली दर वेळी थोडं आत घेते. ढवळायच्या लाकडी काडीतसुद्धा पुरेशी ओल असते. कोरड्या गावात पाच मिनिटांत घट्ट होणारं हे रेझिन सोयीचं असेल. कोकणात जून ते सप्टेंबर त्याच्या वाटेला जाऊ नये.

६ जुलै. खोलीत ८०, पेटीत ४९

इपॉक्सीवर आलो. २४ तास लागतात, पण फुगत नाही. आमच्या इपॉक्सीचं प्रमाण वजनाने २:१. डब्यावर प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं हे आधी बघा, दोन्ही एक नसतात.

एका गलबताला सव्वा ग्रॅमच्या आत माल लागतो, चारांना ५ ग्रॅम. तरी एका वेळी १५ ग्रॅमपेक्षा कमी मिसळू नये. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर २ ग्रॅम हार्डनर तोलताना पाच टक्के चूक सहज होते, आणि नग महिनाभर रबरासारखा राहतो. सोनाराच्या वापरातला ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा घ्या. उरलेला माल शिबाडाच्या साच्यात.

रेझिनची बाटली ४० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली की पातळ होते, बुडबुडे सुटतात. नाळेच्या टोकात मात्र हवा अडकतेच. टाचणीने टोचून उपयोग अर्धवट. शेवटचा उपाय असा: साच्यातच नाळेच्या जागी ०.८ मिमी पितळी तारेचा ६ मिमीचा तुकडा आधी ठेवायचा आणि वरून ओतायचं. टोक भरतं, आणि खेळताना बोटाखाली मोडतही नाही. पितळच घ्या. पोलादी तार इथल्या खाऱ्या हवेत रंगाखालूनही गंजते आणि शिडावर तांबडा डाग उतरतो.

निघालेल्या नगांवर तेलकट पापुद्रा होता. हार्डनरमधला अमाइन ओल्या हवेत पृष्ठभागावर येतो, त्याचा हा थर. पुसून जात नाही, त्यावर रंग धरत नाही. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश. मग स्वच्छ पाणी, मग पेटी.

१५ जुलै

१९ सांगाडे तयार, दोन जादा.

२१ जुलै. खोलीत ८४, पेटीत ५०

डोलकाठ्या पितळी तारेच्या, शिडाच्या तिरक्या काठ्या मात्र खराट्याच्या हिराच्या. हीर मुळातच निमुळता असतो, तारेला तसा उतार द्यायला कानशीने वीस मिनिटं लागतात. वाळलेला हीर निवडून टोकाकडचे ३० मिमी घ्यायचे, पेटीत रात्रभर ठेवून लगेच वॉर्निशमध्ये बुडवायचे. तसेच ठेवले तर पंधरा दिवसांत काळी बुरशी.

वल्ही: कपड्यांच्या ब्रशाचे नायलॉनचे ०.३ मिमी केस, प्रत्येक बाजूला १२. खऱ्या गलबताला एकूण चाळीस-पन्नास वल्ही असत, पण या आकारात तेवढी लावली तर कंगवा दिसतो. मास्किंग टेपवर अडीच मिमी अंतराने केस मांडायचे, वरून ०.५ मिमीची प्लास्टिक पट्टी चिकटवायची आणि ती पट्टी कठड्याखाली बसवायची. नायलॉनला सायनो (फेविक्विकसारखा झटपट) गोंद नीट धरत नाही, म्हणून केसांची टोकं तापलेल्या सुरीने दाबून चपटी करून घ्या.

सायनो ओल्या हवेत लवकर धरतो आणि भोवती पांढरी वाफ बसवतो. रंगाआधी बसली तर चालते. रंगकामानंतरचे सांधे इपॉक्सी गोंदाने.

शिडं ट्रेसिंग कागदाची. मलमल लावून पाहिली, विण इतकी जाड दिसते की शीड गोणपाटाचं वाटतं. कागद पेन्सिलीवर गुंडाळून बाक द्यायचा आणि दोन्ही बाजूंनी मॅट वॉर्निश. वॉर्निश न केलेलं शीड एका पावसाळी संध्याकाळीत मरगळून खाली आलं.

२ ऑगस्ट. बाहेर ९१, खोलीत ७९

प्रायमर. स्प्रेचा डबा या हवेत फवारला तर पृष्ठभाग खरखरीत होतो, पिठी भुरभुरल्यासारखा. ७० टक्क्यांवर फवारू नये. खोलीत एसी तीन तास चालवून ६० वर आणलं आणि ॲक्रिलिक प्रायमर एअरब्रशने दिला. कंप्रेसरच्या पाणी-सापळ्यात वीस मिनिटांत चमचाभर पाणी जमतं. न काढता पुढे गेलात तर मधूनच एक थेंब रंगातून थुंकला जातो आणि त्या सोंगटीचं काम पुन्हा पहिल्यापासून.

सांगाड्यांचे रंग मुद्दाम तीनच: काळपट तपकिरी बांधा, उजळ फळीचा डेक, मळकट पांढरं शीड. दोन्ही बाजूंच्या होड्या त्याच किनाऱ्यावर, त्याच पद्धतीने बांधलेल्या, त्यामुळे बांध्याच्या रंगाने बाजू दाखवणं चूक. बाजू निशाणाने.

९ ऑगस्ट

निशाणांत डब्यातली मोठी चूक सापडली. छापील पत्त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचं जे निशाण आहे त्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक आहे. कंपनीच्या पट्ट्यांच्या निशाणात तो १७०७ नंतर आला. १६७९ ला कोपऱ्यात पांढऱ्यावर साधा लाल क्रूस हवा, सेंट जॉर्जचा. बाकी लाल-पांढरे आडवे पट्टे. भगवा दुशेपटी.

आकार ८ × ५ मिमी, लेझर प्रिंट. इंकजेटची शाई दमट हवेत पसरते आणि लाल पट्टे गुलाबी होतात.

‘डव्ह’ हातची गेली की निशाण बदलायचं, हा या प्रसंगाचा गाभा. म्हणून गुराबांना कायमचं निशाण नाही. पिछाडीला १ मिमी आतल्या व्यासाची पितळी नळी, ५ मिमी खोल. निशाणाची काठी ०.८ मिमी. सैल वाटली तर काठीला किंचित बाक द्या, तीच स्प्रिंगसारखी धरते. गलबतांनाही मग हेच केलं. प्रत्येक बाजूची चार निशाणं जादा बनवून ठेवली आहेत, कारण ही पहिली हरवणार.

१८ ऑगस्ट. खोलीत ८१

बैठका ३ मिमी ॲक्रिलिकच्या, लेझरने कापलेल्या. लेझर सुमारे ०.२ मिमी माल खातो, चुंबकाचा ५ मिमी खळगा ४.८ काढला तर चुंबक दाबून बसतो. चुंबक निओडिमियम, ५ × २ मिमी. त्यांचं निकेल कोपऱ्यावर उडालं की खाऱ्या हवेत आतून भुगा होतो; बसवल्यावर वरून इपॉक्सीचा थेंब. सगळे एकाच ध्रुवाने वर. एक उलटा बसला तर दोन गलबतं जवळ येताच एकमेकांना ओढतात.

पट ५ मिमी सनबोर्डवर, मॅट लॅमिनेशनच्या छपाईने. फ्लेक्स छापणाऱ्या कुठल्याही दुकानात दोन्ही मिळतं. एमडीएफ किंवा पुठ्ठा इथे पाणी पिऊन फुगतो, सनबोर्डला हवेचं काही नाही. पण सनबोर्ड पीव्हीसीचा असतो. तो लेझरवर कधीही कापू नये. जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो आणि मशीनही गंजते. कटर आणि पोलादी पट्टी, तीन हलके वार, एक जोराचा नाही.

पटावर खांदेरी दोन टेकड्यांची, अर्धवट तटासह. शेजारचं उंदेरी बेट मोकळं. तिथे तट दाखवायचा मोह आवरावा, जंजिऱ्याच्या सिद्दीने ते १६८० च्या जानेवारीत धरलं. किनाऱ्यालगत नऊ घरं उथळ पाण्याची, ठिपक्यांनी दाखवलेली.

२५ ऑगस्ट

बेटांवरची वाळू. किनाऱ्यावरची वाळू तशीच चिकटवली आणि आठवड्यात पांढरी साय आली, बोट लावलं तर ओलसर. मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं. गोड्या पाण्यात तीनदा धुवून, वाळवून, चाळून वापरा. तटाला लाल जांभ्याची पूड टाळली. मालवण-रत्नागिरीकडचा डोळा जांभा मागतो, पण खांदेरीला बेसॉल्टचा काळा दगड आहे.

७ सप्टेंबर. खोलीत ७८

खुणेच्या चकत्या करवंटीच्या. यात गणित आहे. साधारण १२ सेंमी व्यासाच्या करवंटीतून २१ मिमीची चकती काढली तर कडेला ती मध्यापेक्षा ०.९ मिमी खाली असते. साडेतीन मिमी जाडीतून तेवढं घासलं जातं, २.६ उरते, मजबूत. ३० मिमीची काढायला गेलं तर बाक १.९, उरते १.६, आणि हातात धारेवर तुटते. म्हणून सगळ्या चकत्या २१ मिमी. होल-सॉचं (गोल भोक कापणाऱ्या करवतीचं) माप बाहेरचं असतं, २५ चा सॉ लावला की २१ च्या आसपासची चकती मिळते.

मधलं ६ मिमीचं भोक बुजवू नका. त्यात रंगीत इपॉक्सी भरा: भगवी म्हणजे वल्हेकरी दमले, लाल म्हणजे आग, निळी म्हणजे पाणी शिरलं. एका करवंटीतून सात-आठ चकत्या निघतात. तीन डोळ्यांकडचा भाग सोडून द्यायचा. १२०, २२०, ४०० चा कागद, मग खोबरेल तेलाऐवजी मेण. तेल खवट होतं आणि मुंग्या येतात. करवंटीची धूळ फार बारीक असते, मास्क लावल्याशिवाय घासू नये. एकूण ३० चकत्या.

२० सप्टेंबर. खोलीत ७७

वाऱ्याचे पत्ते. डब्यातले वारे आठ दिशांचे, फाशाने ठरणारे. आपल्या किनाऱ्यावर ऑक्टोबरात वारा असा लहरी नसतो: सकाळी जमिनीवरून मतलई, दुपारी समुद्रावरून खारा, मध्ये पडलेला. म्हणून दोन गठ्ठे. सकाळचे १२: आठ मतलई, चार ‘वारा पडला’. दुपारचे १२: नऊ खारे, तीन पडलेले. पहिल्या सहा फेऱ्या सकाळच्या गठ्ठ्यावर.

पत्ते गोल, सावंतवाडीच्या गंजिफांच्या धाटणीचे, कडेला लाल पट्टा. दशावतारी गंजिफा १२० पत्त्यांची, दहा रंगांची. तिथल्या मत्स्याचा मासा मतलईला आणि कूर्माचं कासव पडलेल्या वाऱ्याला घेतलं. खाऱ्या वाऱ्याला साधी लाट. छपाई ५६ मिमी, १२५ मायक्रॉनचं मॅट लॅमिनेशन, आणि कापायचं ६० वर. ही दोन मिमीची पारदर्शक कड सोडली नाही तर ओल कडेने शिरते आणि कागद पापडासारखा सुटतो.

५ ऑक्टोबर. चाचणी, चार डाव

गलबत वल्ह्यांवर कुठल्याही दिशेला २ घरं, वाऱ्यावर ३. फ्रिगेट वाऱ्यावर ४, पडलेल्या वाऱ्यात शून्य. गलबताचा मारा फक्त नाळेसमोरच्या घरांत. फ्रिगेटचा दोन्ही कुशींना.

चारही डाव मराठ्यांनी पाच फेऱ्यांत जिंकले. कारण वल्ह्यांना थकवा नव्हता. आता सलग तीन फेऱ्या वल्हवलं की भगवी चकती, आणि ती असेपर्यंत १ घर. एक फेरी स्वस्थ राहिलं की निघते. फ्रिगेटच्या कुशीसमोर एका घरावर आलेल्या गलबताला दुप्पट फासे.

१२ ऑक्टोबर. चाचणी, सहा डाव

मराठे तीन, इंग्रज तीन. दोन डावांत ‘डव्ह’चं निशाण बदललं आणि ती उलटून ‘रिव्हेंज’वर आली. शिबाडं उथळ घरांतून बेटाला लागली की फ्रिगेटला नुसतं बघत राहावं लागतं, हे अगदी जमलं आहे.

नाळेच्या दिशेवरून वाद झाले: षटकोनाच्या कोपऱ्याकडे नाळ असेल तर समोर कुठलं घर? बैठकांच्या पुढच्या कडेला १ मिमीची खाच कापली. नाळ नेहमी बाजूकडे, कोपऱ्याकडे नाही.

८ नोव्हेंबर. बाहेर ६८, खोलीत ६३

साठवण. तळाला जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा चिकटवलेला प्लास्टिकचा हवाबंद डबा, सोंगट्या चुंबकावर उभ्या. पत्रा ०.५ मिमी; त्याहून पातळ घेतला तर डबा तिरका होताच गुराबा सरकतात. २०० ग्रॅम सिलिका जेल जाळीच्या पिशवीत. नारिंगी दाणे हिरवे झाले की ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास, खाण्याचं काही आत नसताना.

कपाटात डांबरगोळ्या असतील तर डबा तिथे ठेवू नका. नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टायरिन मऊ करते. डब्यातली मूळ फ्रिगेट त्याच प्लास्टिकची आहे, आणि वल्ह्यांवरच्या पट्ट्याही. कसरीसाठी निशाणं वेगळ्या झिपच्या पिशवीत.

उरलं आहे ते एवढंच: दोन जादा गलबतांची शिडं, आणि गुराबेच्या साच्याचा कोपरा फाटलाय तो पुढच्या ओतकामाआधी नवा करणे.